चार मिनिटांचा सराव

(जहाजावरच्या आगीची चौकशी करणारं कार्यालय, सहावा मजला. तपासनीस बाई हातात घड्याळ घेऊन उभ्या. जहाजाचा पाववाला, जो आगीच्या पथकाचाही प्रमुख होता, तळमजल्यावरून धापा टाकत वर आलाय.)

तपासनीस : थांबू नका. कपाट उघडा, आगीचा सूट घाला. घड्याळ चालू आहे.

पाववाला : अहो मॅडम, श्वास तरी घेऊ द्या! सहा मजले पळवलंत. माझं वय काय, हे पोट काय...

तपासनीस : त्या दिवशीही हेच पोट होतं ना? आणि बेकरीपासून सूटच्या कपाटापर्यंत सहाच जिने.

पाववाला : होतं की. तीस वर्षं लोणी चाखून कमावलंय. ही पँट... हं. आता बूट. पण हा खटाटोप कशाला, मी म्हणतो? कंपनीच्या साहेबांनी कागद तयार करून दिलाय. 'पथकप्रमुख उशिरा पोचला.' मी सही करतो. विषय संपला.

तपासनीस : तुमचा संपेल. माझा नाही. टाकी घ्या.

पाववाला : हवेची टाकी एकट्याला चढत नाही. मागून धरायला जोडीदार लागतो.

तपासनीस : त्या दिवशी कोणी धरली?

पाववाला : कोणी नाही. जोडीदार प्रवाशांच्या गर्दीत अडकला. मी भिंतीला टेकवून चढवली.

तपासनीस : मग तशीच चढवा.

पाववाला : आई गं... खांदा गेला. अशीच धडपड चालली होती माझी, आणि खाली धुलाईवाला वाट बघत होता. माझे कोट तोच धुवायचा. न सांगता कॉलरला कडक इस्त्री. भट्टीतला पहिला पाव मी त्याच्यासाठी काढून ठेवायचो.

तपासनीस : आग कशानं लागली ते कळलंय. कपडे वाळवायच्या यंत्राच्या नळीत धाग्यांचा भुसा साचला होता, तो पेटला. भडका दारापाशी उडाला, म्हणून तो आत अडकला. यात तुमचा काही संबंध नाही.

पाववाला : तो आगीनं नाही गेला, मॅडम. धुरानं गेला. डॉक्टर म्हणाले, सात मिनिटांच्या आत बाहेर काढला असता तर जगला असता. मी अकराव्या मिनिटाला पोचलो. हा मास्क. झालं, तयार.

तपासनीस : आता दोन मजले खाली. धुलाईखाना तेवढाच खाली होता. चला, मी मागून येते.

पाववाला : ...हा लावला हात दाराला.

तपासनीस : दहा मिनिटं पन्नास सेकंद.

पाववाला : काय?

तपासनीस : उजेडात, रिकाम्या जिन्यावर. त्या दिवशी धुरात अकरा. तुम्ही उशीर केला नाहीत. एवढाच वेळ लागतो.

पाववाला : म्हणजे... तो वाचणारच नव्हता?

तपासनीस : कपाट तिथे असताना, नाही. बसा इथे पायरीवर. मास्क काढा. रडायचं तर रडा, मी घड्याळ बंद केलंय.

पाववाला : तीन महिने डोळ्याला डोळा नाही. त्याच्या बायकोला फोन करून सांगितलं, वहिनी, मीच मारला तुमच्या नवऱ्याला.

तपासनीस : पाणी प्या. आणि मला सांगा, जहाजाच्या वहीत आठ वर्षांचे आगीचे सराव आहेत. दर आठवड्याला चार मिनिटं. कधी तीन पन्नास, पण कधीच दहा नाहीत. खाली सही तुमची. कसं जमवलंत?

पाववाला : ते राहू द्या ना.

तपासनीस : का?

पाववाला : कप्तान भला माणूस आहे. निवृत्तीला सहा महिने उरलेत. पथकातल्या सगळ्यांच्या पोटावर पाय येईल. मलाही कोण दारात उभं करेल? त्यापेक्षा मी उशीर केला हेच लिहा. ते मला पेलतं. सवय झालीय आता.

तपासनीस : लिहीन. मग तुमच्या जागी दुसरा पाववाला येईल, आणि कपाट तिथेच राहील. याच आराखड्याची आणखी चार जहाजं आहेत.

पाववाला : बंदरात?

तपासनीस : पाण्यात. प्रवाशांनी भरलेली. चारही वह्यांमध्ये चारच मिनिटं.

पाववाला : अरे देवा... मॅडम, सरावाच्या वेळी धुलाईवाला काय करायचा माहितेय? इस्त्री हातात तशीच, आणि आतून ओरडायचा, 'मेलो रे, वाचवा!' आम्ही हसून हसून बेजार.

तपासनीस : लिहून घ्यायला माझी वही काढू?

पाववाला : काढा. आणि तो कंपनीचा कागद फाडून टाका. वहिनींना मात्र मी स्वतः सांगणार, तुमचा अहवाल यायच्या आधी.

तपासनीस : सांगा.

पाववाला : लिहा मग. सराव दर बुधवारी दहाला. आम्ही पावणेदहालाच सूट-बिट चढवून धुलाईखान्याच्या दाराशी उभे. प्रवाशांना धावपळ दिसायला नको ना! चार मिनिटं जायची ती फक्त पाण्याची नळी उलगडण्यात.

तपासनीस : आठही वर्षं?

पाववाला : आठही. घंटा ऐकून मी पहिल्यांदा धावलो, तो त्याच दिवशी.