पुढचं चाक

हौसा: आणि मी पुन्हा सांगते, कल्याणला जा नि दुसरं चाक आण. मुरबाडचं चाक माझ्या अंगणात येणार नाय.

प्रियांका: आजी, जाऊन आले ना मी. इतक्या जुन्या राजदूत फटफटीचं चाक आता कोण ठेवतो? दुकानवाला हसला मला. म्हणला, ताई, माझ्या बापाला विचारायला पायजे होतं, ते पण गेले.

हौसा: मग राहू दे तशीच. इतकी वर्सं गोठ्यात एका चाकावर उभी राहिली, मेली नाय.

प्रियांका: उभी कुठं गो? पेंढ्याच्या भाऱ्यांवर पडलेली. सीटवर कोंबडी अंडी घालायची.

हौसा: घालू दे. माझ्या नवऱ्याची गाडी, माझी कोंबडी. आणि ती अंडी तुझ्याच पोटात गेलीत.

प्रियांका: अर्धी गाडी.

हौसा: काय म्हणलीस?

प्रियांका: अर्धी आजोबांची, अर्धी लडकूआजोबांची. भातसानगरचा धरणावरचा साहेब बदली होऊन चालला, तेव्हा दोघा भावांनी मिळून घेतली ना?

हौसा: हे तुला मुरबाडच्या बारकीनं शिकवलं, लडकूच्या बायकोनं. फोन करतेस तिला! मी शेणी थापायला गेले की तुझा फोन कानाला. आयटीआयला जाऊन गाडी खोलायला शिकलीस, चोरून बोलायला कुठं शिकलीस?

प्रियांका: चोरून कसलं, तू विचारलंच नाय. आजी, माझा पयला प्रोजेक्ट हाय हा. बॅचमधली पोरं म्हणाली, हिला पंक्चर तरी काढता येतं का. आता बघ. पिस्टन जाम होता, डिझेल ओतून ओतून सोडवला. कार्बोरेटरमधी कुंभारमाशीनं घरं केलेली, ती दाभणानं कोरली. उंदरांनी खाल्लेली वायरिंग सगळी नवीन टाकली. आता फकस्त चाक ऱ्हायलंय.

हौसा: आणि टाकीतला गंज? खडी भरून टाकी कोणी हलवली? खांदा कोणाचा दुखला? मुरबाडहून आली होती का ती हलवायला?

प्रियांका: तू हलवलीस. पण तिनं चाक जपलं.

हौसा: चोरलं म्हण! वाटणीला पंच बसले. भांडी झाली, बैल झाले, वरकस जमीन झाली, कोणी आवाज काढला नाय. अडलं ते गाडीवर. पंच म्हणले, गाडी थोरल्याकडं राहू दे, धाकट्यानं लागेल तेव्हा न्यावी. माना हलवल्या सगळ्यांनी, गूळ खाल्ला. सकाळी उठून बघते, तर गाडी तोंडावर पडलेली. पुढचं चाक एसटीच्या टपावर बसून मुरबाडला गेलं. का, तर म्हणे अर्धी आमची! अगो, बैल असता तर पाय कापून नेला असता का हिनं?

प्रियांका: आजोबा काय म्हणाले?

हौसा: ते काय म्हणणार! दोघं भाऊ बाजारात भेटायचे, भजी खायचे, खिदळायचे. चाकाचं नाव काढायचे नाय. म्हणायचे, बायांचं भांडण हाय, आपण मधी पडायचं नाय. असेच गेले दोघं, एकामागं एक.

प्रियांका: एक विचारू? चिडणार नाय ना?

हौसा: चिडणार. विचार.

प्रियांका: तुझा राग चाकाचा नाय. ती गाडीवर बसली नि तू नाय बसलीस, त्याचा हाय.

हौसा: बसली! अशी काय बसली! शहापूरला तिच्या चुलतभावाचं लग्न. लडकूला तेव्हा गाडी येत नव्हती. सासू म्हणली, थोरली घर बघेल, तू धाकटीला सोडून ये. माझा नवरा निघाला गोगल लावून. मी ओट्यावर, हातात सूप. थोरल्या दिराच्या मागं बसलीस, खाली मान घालून जायचं का नाय? ही वळली. वळून मला हात केला. हात! जशी काय सभापतीणच निघाली.

प्रियांका: मग नंतर तू बसायचंस.

हौसा: कोणी बस म्हणलं तर बसणार ना? मागून घेणारी मी नाय. जेवताना भातसुद्धा मी मागून घेत नाय. आणि ते म्हणायचे, बाईमाणूस बसलं की मागचा टायर झिजतो. हिला नेताना नाय झिजला!

प्रियांका: आजी...

हौसा: काय आजी, आजी? तोंड का पडलं तुझं? आणि दारात जीप कोणाची थांबली?

प्रियांका: मी... मीच बोलावलं तिला. चाक घेऊन.

बारकी: जाऊबाय, मला घरात घेता, का चाकालाच आत पाठवू?

हौसा: चपला बाहेर काढ. प्रियांका, पाणी दे तिला. आमच्या दारातनं तहानलेलं कोणी गेलं नाय, आजपण जायला नको.

बारकी: पाणी मागनं. आधी हे धर गो पोरी. सांभाळून. लुगडं हळू सोड.

हौसा: लुगड्यात गुंडाळलंय? चाक हाय का बाळंतीण?

प्रियांका: आई शप्पथ! आजी, रिम बघ. तोंड दिसतंय यात. एक डाग नाय. आजीबाय, कसं काय ठेवलंत?

बारकी: भिंतीला टांगलेलं, मधल्या घरात. पावसाळा आला की मी रॉकेलनं पुसायचे. दसऱ्याला झेंडू. हे होते तोवर येता-जाता बोटानं फिरवायचे. म्हणायचे, बघ, अजून डुगत नाय, सरळ फिरतंय.

हौसा: भिंतीवर चाक फिरवून कोणी गावाला पोचत नाय. इंजिन माझ्याकडं हाय.

बारकी: हो, नि इंजिनावर कोंबडी.

हौसा: हसू नको गो, प्रियांका. दात दिसतात.

प्रियांका: मी नाय हसले. टायर, ट्यूब मी आणून ठेवलेत. आता बसवते.

बारकी: थांब. चाक मी देते, कायमचं देते. पण गाडी चालू झाली की पयली मी बसणार.

हौसा: बघ! बघ कशी आली! मी म्हणलंच, ही फुकट यायची नाय. अगो, बसलीस ना एकदा? सगळ्या गावानं बघितलं. हात करून गेलीस.

बारकी: हात केला, कारण तुमचं तोंड बघवत नव्हतं. मी आपलं म्हणलं, राग जाईल.

हौसा: असा जातो राग?

बारकी: आणि शहापूरला कोण पोचलं गाडीवरनं? मी? आटगावच्या फाटकापर्यंत गेले फक्त.

हौसा: फाटकापर्यंत? का? पेट्रोल संपलं?

बारकी: पेट्रोल! फाटक बंद होतं. मालगाडी जाईस्तोवर थोरले भावजी मागं गावाकडं बघत बसले. मधी आहेराची पिशवी ठेवलेली, ती धरून मी अंग चोरून बसलेली. मालगाडी गेली, फाटक उघडलं, तरी भावजी हलेनात. मग म्हणाले, बारके, उतर. तू जीपनं पुढं हो. ती ओट्यावर तशीच उभी असेल. तिला घेऊन येतो.

हौसा: कोणाला?

बारकी: मला काय विचारता कोणाला! त्यांची बायको कोण होती? नवी जरीची साडी नेसून मी फाटकावर उभी, धुळीत. जीपमधी भाजीच्या पाट्या होत्या, त्यांच्यावर बसून गेले. माहेरच्या बायांनी विचारलं, दीर सोडायला येणार होता ना गाडीवरनं? काय सांगू त्यांना?

हौसा: खोटं.

बारकी: चाकाची आण.

हौसा: ...ते आले होते त्या दिवशी. लौकर आले. अंगणात गाडी चालूच ठेवली नि बसून राहिले वरती. घुर्र घुर्र. मला वाटलं, मिरवतायत. ऐकवतायत मला. मी दार लोटून आत गेले.

प्रियांका: आजोबा बोलले नाय काय?

हौसा: तो माणूस बोलायचा कुठं! खोकायचा. दोनदा खोकले, नि मग गाडी बंद झाली.

बारकी: मी लग्नात वाट बघत होते दोघांची. आले नाय. वाटलं, दोघं फिरायला गेले असतील भातसाच्या धरणावर. रातभर मांडवात जळत बसले मी. तुमच्यासाठी मला फाटकावर उतरवलं, नि जळायचं तुमी? म्हणून वाटणीच्या वेळी मीच बोलले ह्यांना, गाडी तिकडं तर चाक इकडं. ती पण फिरायला नको गाडीवर बसून.

हौसा: आणि मी धरणाचं पाणी आजपर्यंत लांबूनच बघितलंय.

प्रियांका: तुमी दोघी ना... एक फोन तरी करायचा.

हौसा: तू तुझा पाना फिरव. मोठ्यांच्या मधी पडू नको.

बारकी: बसव गो चाक. माझं बोलणं झालेलं हाय. पयली मी.

हौसा: पयली तू कशी? आत्ताच तुझ्या तोंडानं बोललीस ना, त्यांनी मलाच न्यायचं ठरवलं होतं? तुला उतरवून? मग पयला मान कोणाचा?

बारकी: अरे देवा. जीभ झडली का नाय माझी.

हौसा: आता झडून काय उपयोग? प्रियांका, साक्षीदार तू. ऐकलंस ना?

प्रियांका: ऐकलं. पण चाक तर आजीबायचं...

हौसा: चाकाला कोणी नाय म्हणत नाय. चाक चांगलं हाय. ठेवलंन तिनं. दुसरी फेरी तिची. आणि जेवून जायचं तिनं, सुकट केलीये.

बारकी: सुकटीत वांगं घातलंय का?

हौसा: तुला आवडतं ते माझ्या ध्यानात राहील होय? घातलंय.

(चाक बसतं. उन्हं कलतात. अंगणात निळसर धूर.)

प्रियांका: लागली! आजी, चौथ्या किकला लागली! ऐकलंस? ऐकलंत आजीबाय?

बारकी: तोच आवाज. मेला खोकतोय अजून.

हौसा: धूर किती सोडते ही! माझे पापड वाळत घातलेत तिकडं.

प्रियांका: टू-स्ट्रोक हाय गो, धूर येणारच. ये, बस. वडापर्यंत जाऊ नि परत. घाबरली नाय ना?

हौसा: मी? मी कोणाला घाबरते? फक्त... पाय कुठं ठेवायचा?

बारकी: पदर खोचा आधी, नायतर चाकात जाईल. हां. दोन्ही पाय एका बाजूला. त्या जाळीखाली पट्टी हाय बघा, तिच्यावर ठेवा. आता पोरीचा खांदा धरा. गच्च नाय, नुसता.

हौसा: तुला बरं माहीत सगळं.

बारकी: फाटकापर्यंतचं माहीत हाय.

हौसा: चल गो. सोड. अगो आई! हळू! ...नाय, नाय, थांबवू नको. चालव. वारा लागतो गो केवढा. रोज लागत असेल का हा त्यांना?

प्रियांका: आजी, बांगड्या रुततायत माझ्या खांद्यात.

हौसा: रुतू दे. मागं बघ जरा. ती बघते का माझ्याकडं?

प्रियांका: आरशात दिसतेय ना. ओट्यावर उभी हाय. पण तुझ्याकडं नाय बघत.

हौसा: मग?

प्रियांका: चाकाकडं बघतेय. वाकून.

हौसा: ...हळू घे जरा. दिसू दे तिला, डुगत नाय ते.