ट्वीनचे चार थेंब

उघडा हो, खुशाल उघडा हे चमकेचे फोटो काढायचं मशीन — पण दोष मशीनचा नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. तुम्ही कंपनीचे इंजिनिअर, तुम्हाला बोलावलं कुणी? त्या पीएचडीवाल्या पोरीनं! चार महिने झाले, हिच्या मेम्ब्रेनवर — तोच तो पांढरा कागदासारखा तुकडा, ज्यावर प्रथिनं चिकटवतात — चमकायला हवी एक रेघ, आणि चमकतोय अख्खा तुकडा. नाचता येईना, अंगण वाकडं! आज तीनला कमिटी बसणार, हिला ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरवायला, म्हणून आता खापर मशीनवर.

मी? सव्वीस वर्षं या लॅबमध्ये. रिकाम्या जागी रंग धरू नये म्हणून मेम्ब्रेन आधी ज्यात भिजवतात ना, ते ब्लॉकिंगचं पाणी सगळ्यांना मीच करून देतो. पूर्वी दुधाची पावडर घालायचो — काय सुरेख रेघा यायच्या! हिला दूध चालत नाही. का, तर फ्लुरोसन्समध्ये, म्हणजे प्रकाश टाकून चमक बघतात त्यात, म्हणे दूधच चमकतं. बरं बाई, माशाचं जिलेटिन घे. तर त्यावर आणखी चिठ्ठी — ‘काका, यात ट्वीन घालू नका, तेही चमकतं.’ मला शिकवते! ट्वीन म्हणजे साबणासारखं असतं, चार थेंब पुरतात. त्याशिवाय का ब्लॉकिंग होतं? मी घालतोच. गुपचूप. तिच्याच भल्यासाठी — का हो, लिहायचे का थांबलात?

चारच थेंब. कधी पाच. ते दोन कोरे तुकडे सकाळपासून भिजवलेत ते कशाला? एक तुमच्या बिनट्वीनच्या जिलेटिनमध्ये, एक माझ्या बाटलीतल्या पाण्यात? लावा की मशीनला, मी काय भितो?

...

हा तुमच्या तुकड्याचा फोटो — काळाकुट्ट, स्वच्छ. आणि हा माझा... अख्खा चमकतोय.

परत लावा बरं.

नाही, तिला माहीत नाही. तिनं सगळं बदलून पाहिलं — चिमटे, डबे, अँटिबॉडी, खूण करायचं पेनसुद्धा. बाटली तेवढी नाही. तिच्या मॅडमनी विचारलं होतं, माझ्यासमोरच. तर ही म्हणाली, ‘काकांच्या हातचं आहे, ते काय तपासायचं?’

मशीनमध्येच बिघाड होता असं लिहा ना. एवढं लिहा. त्यात तीही बचावेल — अहो, काय जातंय तुमचं? नाही म्हणता? मग आवरा तुमची पेटी. आवरा म्हणतो ना! बाटली ठेवा तिथंच, हात लावू नका, ती मीच धुऊन ठेवतो. आणि जाताना दार ओढून घ्या.