आंगनातल्या आडव्या रेघा

...न्हाई, मला सांगा, मानूस पडू नये म्हनून त्याला मागनं ओढतेत व्हय? कामून? तुमाला सांगतो, बीदरवरनं ती शिवलीलाबाई येती, मला व्यायाम शिकवायला. तिनं पैल्याच दिवशी माज्या मागं उभारून खांदे धरले अन् दिला झटका! वर म्हनती, "अप्पा, तोल बघायलेय." अगं, पडायचं तर मला एकट्यालाच चांगलं जमतंय की!

मला कंपवात हाय, कबूल. हात हालतोय, हालू दे. खोड पायाची हाय. चालता चालता दारात आलो की पाय भुईला चिकटतेत, अंग म्होरं अन् पाय मागंच... दिवाळीपसून तीनदा पडलो. लेक हरिओम म्हनला, "आता एकदा पडलात की शेत बंद. बाजंवर बसायचं." मिरग आठ दिवसावर आलाय अन् म्या बाजंवर? संतपुरात चाळीस वर्सं आमच्या रानात पेरनीला चाड्यावर पयली मूठ माजी असती! मला लई लागलं ते.

म्हनून करायलोय व्यायाम. खुर्चीतून दहादा उठ, दहादा बस. उठून जायचं कुठं? कुठंच न्हाई, परत बस! कामून?

अन् परवा सकाळी बघतो तर... आंगनात पांढऱ्या रेघा! दारापसून फाटकापोतर, आडव्या, दोन-दोन वितीवर. रांगोळी म्हनावं तर फूल न्हाई, पान न्हाई. भानामती! अन् करनार कोन? शेजारचा रेवणसिद्ध! बांधावरल्या लिंबावरनं भांडान झाल्यापसून हा मानूस मला दिवसातनं दोनदा नमस्कार घालायलाय. कामून?

आता भानामतीवर पाय पडला की खेळ खलास. म्या पाय उचलला ह्यो असा, गुडघ्यापोतर! एक वलांडली, दुसरी वलांडली, मारुतीचं नाव घेत घामाघूम होऊन फाटक गाठलं... अन् तवा ध्यानात आलं, आपुन दारात अडकलोच न्हाई.

मागं बघतो तर आमची चंद्रभागा. हातात रांगोळीचा डबा, डोळ्याला पदर. म्हनती, "अवो, शिवलीलाबाईनंच सांगितलंय रेघा मारायला. रेघ दिसली की तुमचा पाय उचलतोय. आधी सांगितलं असतं तर तुमी कामून कामून करत बसला असता."

मला बी भरून आलं, खोटं कामून बोलू? पर लगीच मनात आलं, हिनं रेघा फाटकापोतरच कामून मारल्या? शेताकडं कामून न्हाई? फाटकाभाईर पाऊल टाकाया गेलो... रेघ न्हाई. पाय चिकटले! अन् शेताची वाट तर रेवणसिद्धाच्या दारावरनंच जाती.

मग काय करता... फाटक धरून तिथूनच हाक मारली, "रेवणसिद्धा, मिरग आलाय बाबा. तुज्या दाराम्होरं बी आडव्या रेघा मार की. भानामतीच्या असल्या तरी चालतेल."