कडूकाकांचं संस्थान

कीर्तनाला निघालेला दिगंबर बऱ्हाणपूरच्या मोटारस्टँडवर मनातल्या मनात अभंग घोळवत बसला होता. शेजारच्या बाकावर फोपनारचे न्हावी कडूकाका आणि गावातलीच दोन पोरं, सुरेश नि पंडित, आत्ताच बाजारातून आणलेला सेफ्टी रेझर, साबण नि ब्रश मांडून बसले होते; आरसा पंडितच्या हातात होता. दिगंबरचा अभंग मागं पडला.

“काका, ब्रश गालावर फिरवून तर बघा.”

“मऊ आहे रे, सुरेश! खुशबूही झकास. पण लग्नाच्या दिवशी तुझी दाढी तूच करणार?”

“हो, काका. राग नाही ना आला?”

“सगळी संस्थानं विलीन झाली, आता माझंही करून टाक!”

“असं नका बोलू. तुम्ही रुसलात तर मी मांडवात कोणत्या तोंडानं बसू?”

“साबण लावलेल्या! चल, फिरव तुझी मशीन.”

“आई गं!”

“सुरेश, तुझ्या गालावर रक्त आलं बघ.”

“तुरटी लाव, पंडित. अन् ऐक नवरदेवा, राजांचं राज्य गेलं, मान राहिला. मांडवात तुला आरसा दाखवायचा मान माझा.”

“तो तुमचाच, काका. दुसऱ्या कुणाचा?”

“मग आण इकडं तो आरसा. हा पंडित मघापासून मोटारी बघतोय, अन् आरशात आभाळ दाखवतोय!”