नाव पुसण्याआधी

अलीजा: एकूण अकरा चित्रं आहेत, राखीताई. सहा हृदयाची, पाच बाकीच्या अंगाची. सगळी तुमच्या सातव्या महिन्यातल्या सोनोग्राफीची.

राखी: लई शहरी बोलून राह्यली कय्यूमभाईची पोरगी! च्या घे आधी.

भागवत: च्या राहू दे. तुले कायले पाह्यजेत हे फोटो? लेकरू गेलं आमचं.

अलीजा: तिच्या हृदयात दोष होता, भागवतदादा. असे फोटो फार कमी मिळतात. आमची संशोधन संस्था ते जगभरच्या संशोधकांसाठी खुले ठेवणार. त्यावरून कॉम्प्युटरला दोष ओळखायला शिकवतात. पण आईची सही लागते.

राखी: नाव राहीन माहं?

अलीजा: नाही. नाव, गाव, तारीख, सगळं सोमवारी पुसणार. मग ही हजारोंत मिसळतील. त्यातली तुमची कोणती, हे मलाही सांगता येणार नाही.

राखी: म्हंजे आणखी एकदा गेली.

भागवत: नोको करू सही. आपल्याजवळ फोटो आहे न एक.

राखी: दाखवा न मंग तिले. काढा पाकिटातून!

भागवत: शेगावले लॅमिनेशन करून आणलं होतं. महाराजांच्या फोटोसारखं टिकन म्हटलं.

अलीजा: अरे... सोनोग्राफीचा हा कागद उष्णतेनं काळा पडतो, दादा.

राखी: ठिक्कर काळा. तरी खिशात घेऊन फिरते हा माणूस.

भागवत: राखी...

राखी: मले पोरगी दाखवलीच नाही, अलीजा. सासूबाई म्हणे, पाह्यलं की जीव अडकते. यायनं परस्पर पुरायले नेली. कशी होती विचारलं, तर हे मुके.

भागवत: काय सांगू? फडक्यात बांधून देली होती. म्या उघडून पाह्यलंच नाही.

राखी: हे आज सांगून राह्यले?

भागवत: हिंमत नाही झाली.

अलीजा: ताई, हॉस्पिटलला विचारून मी तुमच्यासाठी प्रत आणली आहे. सही केली नाही, तरी ती तुमचीच.

राखी: उघड तो लॅपटॉप. तुमी बी या इकडं, तिकडं तोंड करून नोका बसू.

भागवत: हाव.

राखी: हे काय होय?

अलीजा: पाठीचा कणा.

राखी: आन हे?

अलीजा: पाऊल.

राखी: ...कागद दे. कुठं करू सही? दुसरीच्या मायले तरी आधी कळन.

अलीजा: इथं. खाली.

राखी: पाऊल मोजता येते काय यात?

अलीजा: येतं. टाचेपासून अंगठ्यापर्यंत. थांबा... चौपन्न मिलिमीटर.