गल्लीची विहीर

बुऱ्हाणपूरच्या स्टँडवर दापोऱ्याच्या बसची वाट बघत होतो. मागच्या बाकावर मामी-भाची बोलत होत्या.

“तृप्ती, गल्लीच्या विहिरीत लोक कचरा फेकतात, त्याची तू शिकायत केली होती ना?”

“केली ना मामी. मोबाईलवरून फोटो पाठवला. डंपर आला.”

“कचरा काढला?”

“नाही. वरून मुरूम टाकून विहीरच बुजवली.”

“अगं बाई! तू अडवलं नाही?”

“मी शाळेत शिकवत होते. ‘शिकायत दूर झाली’ असा मेसेज आला. खूश होऊन मी सगळ्यांना पेढे वाटले.”

“त्याच विहिरीत तर सगळी गल्ली कानबाई शिरवते, देवीचं विसर्जन करते! यंदा कुठं शिरवणार?”

“सासूबाई म्हणतात, तुझ्या मोबाईलमधे.”