खिडकीकडचा पाय

न्हाई न्हाई, उठू नका, बसा, आत कुणालाच सोडत न्हाईत — मला बी न्हाई, टेबल माझं, हे पत्र्याचं शेड माझं, दाराची कडी बी म्याच बसवलेली, पर पंच म्हणाले, सोनबा, बापांनी बाहेर बसायचं, आन् बरोबरच हाय त्यांचं. सामन्याआधी दोघींना अर्धा-अर्धा तास टेबल मोकळं, आत फकस्त खेळणारी आन् पंच. आधी पाहुणी, मंग घरची. आता तुमच्या शेफालीचा अर्धा तास चाललाय, ती बाहेर आली की आमची सारिका आत. तीनला सामना. चहा घ्या की साहेब, गार व्हतोय. पुण्याहून आलाय, नसरापूरला गर्दीत अडकला असाल — अडकलाच असणार, तिथं रिक्षावाले निम्म्या रस्त्यात उभे. घ्या. म्या ह्या बाजूच्या भोरच्या एसटी डेपोत एकतीस वरसं मेकॅनिक व्हतो. रिटायर झालो आन् हे पूलचं टेबल आणलं, जुनं, पुण्यातल्याच एका क्लबातलं. लोक म्हणाले, सोनबाचं डोकं फिरलं. पिठाची गिरण टाकायची सोडून पोरांना काठ्या देऊन गोळ्या ढकलायला लावतोय!

सारिका कुठं म्हणता? ती काय, मागं. पत्र्याच्या मागं सावलीला बसलीय. तिची तयारी येगळी असती — सोड्याची रिकामी बाटली आडवी ठेवायची आन् तिच्या तोंडातनं काठी आत-बाहेर करायची, काचेला काठी लागता कामा नये. शंभर येळा. टणकन वाजलं की परत एकपासून. मघाशी म्या जाऊन आलो, म्हणलं भाकरी खाल्लीस का, तर माझ्याकडं बघितलं बी न्हाई, त्र्याऐंशी म्हणाली. म्हंजे आकडा मोजत व्हती हो, मला उत्तर न्हाई दिलं! आज जिंकंल ती राज्याच्या सामन्यांना जाणार, जिल्ह्यातनं एकच पोरगी. सारिका — आमी सारी म्हणतो — मेडिकलच्या दुकानात असती दिवसभर, मालकानं सांगितलंय, जिंकलीस तर जा पंधरा दिवस, जागा ठेवतो. न्हाई जिंकलीस तर हे काठीचं येड बंद कर. आन् तिनं बी मला काल सांगितलं, अण्णा, आता हे शेवटचं. सव्वीस वरसांची झाले, किती दिवस मी भोरमधीच जिंकत बसू? … व्हय, भोरमधीच. बाहेर खेळायला म्या कधी फार पाठवलं न्हाई तिला. का म्हंजे — लांब पडतं. आन् हितं काय कमी हाय? इन्व्हर्टर हाय, पंखे हायत. ही फायनल बी म्याच मागून घेतली, कमिटीच्या पाया पडलो म्हणा ना.

ऐकलं का? — टक् झालं, पर मागनं धप न्हाई झालं. गोळा भोकात पडला की खालच्या जाळीत धप असा आवाज येतो. म्या हितं बसून सांगतो तुमाला कुठल्या कोपऱ्यात पडला. डेपोच्या अंगाचा कोपरा असला की आवाज दबका, त्याच्या समोरच्या खिडकीच्या अंगाचा असला की जरा टणक. तुमच्या लेकीचे गेल्या दहा मिंटांत … जाऊ द्या, मोजायचं न्हाई. नव्या जागी हात बसायला येळ लागतोच. एसटीच्या डायव्हरचं बी तसंच, गाडी बदलून दिली की दोन दिवस गिअर खरखरतो. लहान हाय अजून ती, एकोणीस ना? बघा. तुमी असं तोंड पाडू नका. तिचा हात चांगला हाय, आवाजातच कळतं, काठी गोळ्याला स्वच्छ लागतीय. परत चुकला का? व्हय … खिडकीकडचाच. चहा घ्या हो साहेब, साय आली त्याच्यावर.

पंच? पंच लई कडक माणूस. अजितराव. सकाळी आठला आले, कापडाला ब्रश मारला, गोळे पुसून घेतले, पाणसळ ठेवून बघितली. गवंड्याची न्हाई हो, ती बारकी, काचेची, आत बुडबुडा असतो ती. टेबलाच्या मधोमध ठेवली, लांबीनं. बुडबुडा बरोबर मधी. आडवी ठेवणारच व्हते तेवढ्यात म्या चहा घेऊन गेलो … म्हंजे चहाची येळच व्हती ती. आमच्याकडं कुणी आठला आलं की सव्वाआठला चहा लागतोच, त्यात काय. गप्पा निघाल्या, भाटघरच्या धरणाचं पाणी किती हाय, अमकं, तमकं. ऱ्हायलं मंग ते. तुमी असं बघू नका माझ्याकडं, म्या आपला सांगतोय.

झाला वाटतं अर्धा तास. आली बघा. ये बाळा, ये, हे घे पाणी. माठातलं हाय. सारे! ए सारे, चल गं, तुझी पाळी! … गेली. बघितलंत कशी गेली? माझ्याकडं न बघता. बापाशी बोललं की नेम चुकतो म्हणती. तू बस गं शेफाली, हितं सावलीला बस. काय म्हणतीय? टेबल … आँ? टेबल ओढतंय म्हणतीस? …

साहेब. साहेब, असं नका बोलू तिला. न्हाई, तुमची लेक हाय, तुमचा हक्क हाय, पर सामन्याआधी अर्ध्या तासावर असं — 'नाचता येईना अंगण वाकडं' — पोरीच्या डोळ्यांत पाणी आणलंत. घरी बोला काय बोलायचं ते. तिनं काय बहाणा केला व्हय? तिला जे दिसलं ते तिनं सांगितलं. गेली बघा गाडीकडं. दार लावून घेतलं. आता रडून रडून डोळे सुजले तर गोळा कसा दिसायचा तिला? जा, समजूत काढा तिची. लेकीला असं बोलायचं न्हाई कधी. म्या बोललोय, म्हणून सांगतो. बोललोय आन् मंग भोगलंय. आन् ती खोटं बोलत न्हाई, साहेब. अंगणच वाकडं हाय.

… काय म्हणलो? काय न्हाई. म्या म्हणलो — माझ्या जिभेला हाड न्हाई, आमची बायको छाया तेच म्हणती, तुमच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. बसा. उठू नका साहेब, हात जोडतो, दोन मिंटं बसा, ऐकून तरी घ्या. सांगतो ना. आता तोंडातनं गेलंच हाय तर समदं सांगतो, मंग तुमाला काय करायचं ते करा.

दोन वरसं झाली. सारी तीन सामने लागोपाठ हरली व्हती, हितंच, गावातल्याच पोरांसंगं. तिसऱ्याला म्या चारचौघांत बोललो तिला, आता तुमी बोललात तस्संच, कदाचित जास्तच. तुला जमत न्हाई तर कशाला माझी अब्रू घालवतीस, म्हणलो. तिनं काठी माळ्यावर टाकली. चार महिने साहेब, ह्या पत्र्याकडं फिरकली न्हाई. दुकान, घर, दुकान. जेवायची न्हाई धड. छाया म्हणायची, तुमीच मोडलीत पोर, तुमीच दुरुस्त करा. आता मला दुरुस्ती काय येती? एसटीची गाडी एका अंगाला कलली की आमी काय करतो — चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्याखाली लोखंडाची पातळ पत्ती घालतो. पॅकिंग. दहा मिंटाचं काम, गाडी सरळ उभी ऱ्हाती, पाशिंजराला कळत बी न्हाई. मला तेवढंच येतं हो! म्या एका दुपारी जॅक लावला आन् टेबलाच्या खिडकीकडच्या पायाखाली एक पत्ती सरकवली. भंगारातल्या पत्र्याची, नखाएवढी बी जाड न्हाई. डोळ्याला दिसत न्हाई. जोरात मारलेला गोळा सरळच जातो, पर हळू आलेला गोळा शेवटच्या वितीत डेपोच्या अंगाला वळतो. सारीचा गोळा कायम त्याच कोपऱ्याच्या तोंडाशी येऊन थांबायचा ना — तो पडाय लागला.

तिला काय सांगितलं? काय सांगणार! म्हणलो, एकदा ये, कापड नवं घातलंय, बघ तरी. आली. मारला. पडला. दुसरा मारला, पडला. आन् साहेब, ती हसली. चार महिन्यांनी हसली हो पोर. तवा म्या कसं सांगायचं, की बाई, हे तुझं न्हवं, पत्तीचं हाय? म्हणलं, आज ऱ्हाऊ दे, उद्या काढतो. उद्या ती दोघांना हरवून आली. मंग म्हणलं, ह्या दिवाळीनंतर काढतो. दिवाळीनंतर दुसरी पत्ती घातली. … व्हय, दुसरी. लाज वाटती सांगायला. वेल्ह्याची पोरं आली व्हती खेळायला, त्यांचा एक जण लई तयारीचा व्हता, म्या घाबरलो. तवापासनं ती हितं हरली न्हाई. सगळ्या तालुक्यात नाव झालं, सारिकाचा हात म्हणजे हात. झाकली मूठ सव्वा लाखाची. आन् झाकून मीच बसलोय.

ऐका … धप. ऐकलंत? दबका. डेपोच्या अंगाचा. परत धप. सलग सात मारले तिनं, सात गेले. आता तुमी मला सांगा, ह्या सातातले तिचे किती आन् माझ्या पत्तीचे किती? मला ठावं न्हाई. देवाशपथ ठावं न्हाई. ती रोज बाटलीत काठी घालती, पहाटे उठती, दुकानात उभ्या-उभ्या बोटं सोडवती — त्याचं काहीतरी झालंच असंल ना? दोन वरसांत काहीतरी हाताला आलंच असंल! का न्हाई आलं? तिला आज वाकड्या टेबलावर जिंकवली तर राज्याला जाईल, तितं टेबल सरळ असणार, आन् चारशे लोकांत तिचा एक बी गोळा पडायचा न्हाई. तितं कोण असणार तिच्यासंगं? तिला कळणार बी न्हाई का चुकतंय. ती म्हणंल, मलाच जमत न्हाई. म्या तिला म्हणलो व्हतो तस्संच. आन् आता काढली पत्ती, तर हितंच हरंल, दुकानातच जन्म जाईल, आन् दोन वरसांचं समदं खोटं व्हतं हे बी कळंल. दोन्हीकडनं मीच मारणार तिला.

शिव्या द्या. तुमची पोर रडतीय गाडीत, आन् तुमी माझ्या तोंडाकडं बघताय … कुठं निघालात? पंचांकडं? थांबा. न्हाई, अडवत न्हाई, हात सोडला बघा. पर तुमी सांगितलंत तर ती तक्रार व्हईल. सारीच्या नावावर लागंल. लोक म्हणतील सारिकानं टेबल वाकडं केलं. तिनं न्हाई केलं. तिला ह्यातलं अक्षर ठावं न्हाई, तुमच्या लेकीची शपथ घालतो, तिच्यावर येऊ देऊ नका हे. म्या सांगतो. म्याच सांगतो पंचांना. जॅक बाकाखाली हाय, हा बघा, सकाळपासनं हितं आणून ठेवलाय. कशाला ठेवला ते इचारू नका. सकाळपासनं तीनदा हात घातला त्याला.

अजितराव! ओ अजितराव, दार उघडा. खेळ थांबवा जरा. न्हाई, अर्ध्या तासाला अजून येळ हाय, मला माहीत हाय. उघडा तुमी. टेबल उचलायचंय. सामना चारला घ्या, पाचला घ्या, दोघींना परत अर्धा-अर्धा तास द्या, सरळ टेबलावर. पाणसळ आडवी ठेवून बघा, समजंल तुमाला. व्हय. म्याच. दोन वरसांमागं. माझ्या ह्या हातानं. काय लिहायचं ते माझ्या नावानं लिहा …

सारे. तू आतच ऱ्हायचंस की गं. … न्हाई, रागावलो न्हाई. काय झालं न्हाई. तुझी काही चूक न्हाई. साहेब, तुमी जा आता. गाडीकडं जा, लेकीपाशी बसा, तिला सांगा तिचं बरोबर व्हतं. आता हितं थांबू नका. तुमाला सांगायचं ते सांगून झालं, हे मला एकट्याला सांगायचंय हिला. जावा म्हणतो न्हवं!

ये, बस हितं. काठी ऱ्हाऊ दे हातात. सारे, माझ्याकडं बघ. हसलीस ना तू त्या दिवशी, पहिला गोळा पडला तवा, तो गोळा —